खड्याएवढा शब्द

इंग्रजीतले काही शब्द अर्थ पाठ असूनही हाताशी येत नाहीत. वाचताना भेटले तर ते ओळखू येतात, कोणी विचारला तर त्यांचा अर्थही सांगता येतो, पण स्वतः लिहायला बसले की लेखणी त्यांच्यापाशी थबकते आणि शेजारच्या एखाद्या सोप्या शब्दाकडे वळते. ‘स्क्रूपल’ हा माझ्यासाठी बराच काळ असाच एक शब्द होता. कोशात त्याच्यापुढे ‘नैतिक शंका’, ‘सदसद्विवेक’, ‘योग्यायोग्यतेचा विचार’ असे भारदस्त पर्याय दिलेले असतात. त्यांत खोटे काही नाही, पण त्यांवरून शब्दाचा आकार कळत नाही. तत्त्व, विवेक, शंका, संकोच आणि अपराधीपणा या साऱ्यांच्या गर्दीत तो नेमका कुठे बसतो, तो मोठा की लहान, जड की हलका, हे त्या पर्यायांकडे कितीही वेळ पाहत राहिले तरी उमगत नाही. मला तो समजला तो आधी त्याच्या मुळापर्यंत मागे जाऊन आणि मग तिथून आजच्या वापरापर्यंत पुन्हा पुढे येऊन. यांतली एकच वाट चालले असते तर शब्द अर्धाच हाती लागला असता.

लॅटिन भाषेत ‘स्क्रूपुस’ म्हणजे टोकदार दगड. त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून ‘स्क्रूपुलुस’ हे रूप तयार झाले आणि त्याचा अर्थ झाला लहानसा, अणकुचीदार खडा. इंग्रजी ‘स्क्रूपल’ फ्रेंचच्या वाटेने आला तो इथूनच. दगडांसाठी लॅटिनमध्ये अर्थातच इतरही शब्द होते. त्यांतला ‘काल्कुलुस’ म्हणजे मोजणीसाठी वापरायचा गुळगुळीत गोटा. त्याच्यापासून गणितातला ‘कॅल्क्युलस’ आणि हिशेब करणारा ‘कॅल्क्युलेटर’ आले, आणि डॉक्टर मंडळी आजही मुतखड्याला ‘कॅल्क्युलस’ म्हणतात. मला या दोन खड्यांची जोडी फार आवडते. एक मोजण्याच्या कामी आला, दुसरा टोचण्याच्या. एकापासून गणिताची भाषा घडली, दुसऱ्यापासून मनाची.

टोचणाऱ्या खड्याविषयी थोडे थांबून विचार केला, तर शब्दाचे मर्म त्याच्या लहान असण्यात आहे हे लक्षात येते. अनवाणी चालताना मोठा दगड दुरून दिसतो आणि आपण त्याला वळसा घालतो. मध्यम आकाराच्या धोंड्याला ठेच लागते, कळ येते, पण ती कशामुळे आली याबद्दल संदेह नसतो. खडा मात्र दिसत नाही. तो तळव्याच्या मऊ भागात, बहुतेक वेळा टाचेच्या थोडा पुढे, रुततो. रक्त येत नाही, जखम होत नाही, दुसऱ्याला दाखवावे असे काहीही झालेले नसते. फक्त पुढचे पाऊल पूर्ण भार देऊन टाकता येत नाही, चाल किंचित बिघडते, आणि ज्याच्या पायाखाली तो आहे त्याच्याखेरीज हे कोणालाही कळत नाही. ‘नैतिक शंका’ या पर्यायात यातले काही येत नाही. ‘स्क्रूपल’मध्ये ते सगळे आहे.

इथे एक सावधगिरी सांगणे मला गरजेचे वाटते. शब्दसंग्रह शिकवणारे अनेकजण हा खडा रोमन माणसाच्या चपलेत नेऊन ठेवतात, कधी त्या चपलेत एखाद्या लढवय्याचा पायही घालतात, आणि मग त्या दृश्यालाच व्युत्पत्ती म्हणतात. लक्षात ठेवण्यासाठी ते चित्र उत्तम आहे, परंतु शब्दाच्या घडणीत खडा आहे, चप्पल नाही. ‘सिन्सिअर’ या शब्दाबद्दलही अशीच एक गोष्ट प्रसिद्ध आहे: लॅटिनमध्ये ‘सिने’ म्हणजे विना आणि ‘सेरा’ म्हणजे मेण, म्हणून मूर्तीच्या भेगा मेणाने न बुजवणारा तो प्रामाणिक शिल्पकार. गोष्ट इतकी सुरेख आहे की ती खरी असावी असे वाटते, पण कोशकार ती मानत नाहीत. लॅटिन ‘सिन्सेरुस’चा अर्थ स्वच्छ, निर्भेळ एवढाच आहे. व्युत्पत्तीच्या नादी लागलेल्या माणसाने सुंदर गोष्टीपाशी जरा जास्तच सावध राहावे. खरी व्युत्पत्ती पुष्कळदा कमी नाट्यमय असते, पण ती नंतरच्या वापराशी जुळते, आणि तिची परीक्षा तिथेच होते.

‘स्क्रूपुलुस’ त्या परीक्षेला कसा उतरतो ते पाहण्यासाठी इसवी सनपूर्व 80 मधल्या रोममध्ये जावे लागते. सेक्स्टस रोस्कियस नावाच्या माणसावर स्वतःच्या बापाचा खून केल्याचा आरोप होता आणि त्याच्या बचावाला सव्विशीतला वक्ता सिसेरो उभा राहिला होता. मेलेल्या बापाची मालमत्ता साठ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) किमतीची होती, आणि हुकूमशहा सुल्लाच्या मर्जीतला, गुलामीतून मुक्त झालेला क्रिसोगोनस हा ती अवघ्या दोन हजारांना विकत घेऊन बसला होता. मुलगा जिवंत असेपर्यंत ही लूट पचणार नाही, याची त्याला धास्ती होती. भाषणाच्या सुरुवातीलाच सिसेरो न्यायाधीशांना सांगतो की क्रिसोगोनसच्या मनात एक खडा आहे, तो त्याला रात्रंदिवस डिवचतो आणि टोचतो, आणि तुम्ही तो उपटून काढावा अशी त्याची मागणी आहे. ‘स्क्रूपुलुस’ हाच शब्द त्याने तिथे वापरला आहे.

हे वाक्य मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी त्याच्यापाशी बराच वेळ रेंगाळले. खडा टोचतो आहे, रात्रंदिवस टोचतो आहे, म्हणजे चित्र अगदी आपल्या ओळखीचे आहे. परंतु ज्याला तो टोचतो आहे तो सज्जन नव्हे. क्रिसोगोनसला पश्चात्ताप झालेला नाही. चोरीचा माल सुखाने भोगता येत नाही, एवढेच त्याचे दुःख आहे. म्हणजे ज्या शब्दाला आज इंग्रजीत नीतीचा वास आहे, तो एका लुटारूच्या बेचैनीसाठीही चालत होता. मूळ अर्थात नीती नव्हती, टोचणी होती. नीती नंतर आली.

ती कशी आली असावी याची एक खूण लॅटिन बायबलमध्ये सापडते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात दावीद सूडाच्या भरात नाबालच्या घरादाराची कत्तल करायला निघालेला असतो. नाबालची बायको अबीगईल त्याला वाटेत गाठते आणि समजावते की आज तू हात आवरलास, तर पुढे राजा झाल्यावर विनाकारण रक्त सांडल्याचा सल तुझ्या हृदयात राहणार नाही. या जागी लॅटिन भाषांतरात ‘स्क्रूपुलुम कोर्दिस’ असे शब्द आहेत, म्हणजे हृदयातला खडा. क्रिसोगोनसचा खडा आणि दावीदाचा खडा वस्तू म्हणून एकच आहेत, पण दावीदाचा खडा अजून रुतलेला नाही. तो रुतू नये म्हणून आधीच थांबायचे आहे. ‘स्क्रूपल’चा आजचा जो विशेष आहे, की तो बहुधा कृतीच्या आधी येतो आणि हात मागे खेचतो, तो मला या प्रसंगात स्पष्ट दिसतो. मनाची टोचणी म्हटले की आपण झाल्या गोष्टीकडे मागे वळून पाहतो. ‘स्क्रूपल’ उंबरठ्यावरच अडवतो.

याच शब्दाचा दुसरा संसार वजनाच्या तराजूत चालू होता. रोमन वजनांत औंसाचा चोविसावा भाग याच नावाने ओळखला जाई. इंग्रजी औषधविक्रेत्यांनी तो वारसा पुढे चालवला आणि त्यांच्या कोष्टकात 20 ग्रेनचा एक स्क्रूपल, 3 स्क्रूपलांचा एक ड्रॅम आणि 8 ड्रॅमांचा एक औंस असा हिशेब ठरला. आजच्या मापात एक स्क्रूपल म्हणजे साधारण 1.3 ग्रॅम. खगोलशास्त्रज्ञांनीही अंशाच्या साठाव्या भागासाठी लॅटिनमध्ये हाच शब्द वापरला होता. कुठेही गेला तरी हा शब्द मोठा झाला नाही. जिथे काहीतरी बारीक दाखवायचे होते, तिथेच त्याला बोलावणे आले.

शेक्सपिअरच्या काळात हे दोन्ही अर्थ एकाच प्रेक्षकाच्या कानात जागे होते, आणि शेक्सपिअर त्यांचा फायदा घेतो. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या न्यायालयाच्या प्रवेशात पोर्शिया कर्जदाराच्या छातीचे मांस मागणाऱ्या सावकार शायलॉकला बजावते की नेमके एक पौंड मांस काप, एका गरीब बिचाऱ्या स्क्रूपलच्या विसाव्या भागाइतकेही कमीजास्त भरले तरी तुझा जीव जाईल. कोष्टक माहीत नसताना मी हे वाचले होते तेव्हा ‘विसावा भाग’ ही मला नुसती अतिशयोक्ती वाटली होती. कोष्टक समोर ठेवले की कळते की स्क्रूपलचा विसावा भाग म्हणजे बरोबर एक ग्रेन, म्हणजे त्या पद्धतीतले सर्वांत लहान माप. पोर्शिया कवितेच्या भरात बोलत नाही, ती दुकानातल्या तराजूच्या शेवटच्या खुणेपर्यंत उतरते. आणि ज्या माणसाला समोरच्याची छाती कापताना मनात खडाही टोचत नाही, त्याला ती खड्याच्याच वजनाने अडवते. हा दुसरा अर्थ त्या ओळीत उघड मांडलेला नाही, तरी तो मला ऐकू येतो.

‘ट्वेल्थ नाइट’मध्ये मॅल्व्होलिओ तर शब्दाशी सरळ खेळतो. खोट्या पत्राला भुलून मालकीण आपल्यावर भाळली आहे अशी त्याची खात्री पटलेली असते, आणि तो म्हणतो की आता ड्रॅमभरही स्क्रूपल उरलेला नाही, स्क्रूपलभरही स्क्रूपल उरलेला नाही. आधी मोठे वजन, मग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचे लहान वजन, आणि दोन्ही वेळा तोलली जाते ती शंका. आपण ‘तिळमात्र शंका नाही’ म्हणतो तेव्हा तीळ आणि शंका या दोन वेगळ्या वस्तू असतात. मॅल्व्होलिओच्या वाक्यात माप आणि माल एकाच नावाचे आहेत. हॅम्लेटचा सूर मात्र निराळा आहे. आपण सूड घ्यायला का धजत नाही याची चिकित्सा करताना तो परिणामांचा फार काटेकोर विचार करणाऱ्या भेकड स्क्रूपलचे नाव घेतो, आणि अशा विचाराचे चार भाग केले तर त्यात एक भाग शहाणपण आणि तीन भाग भ्याडपणा निघेल, असे म्हणतो. म्हणजे हा खडा सद्गुणच असतो असे नाही. तो कधी पाय अडखळवणारी नुसती अडचणही असतो. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात या शब्दाचा अर्थ देताना ही शंका सहसा बारीकसारीक गोष्टींबद्दलची असते, असे आवर्जून नोंदवले आहे. आजच्या अनेक लहान कोशांनी हा ‘बारीकसारीक’पणा गाळून टाकला, आणि माझ्या मते शिकणाऱ्याचा घोटाळा तिथेच सुरू होतो.

खडा फार टोचू लागला तर काय होते, याचे सर्वांत बारकाईचे वर्णन मला स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेवरील पुस्तकात वाटते. 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसा येथे राहत असताना या माणसाने स्वतः हा छळ भोगला होता. पूर्वीची पापे आपण पुरती कबूल केली की नाही, या शंकेने त्याला जीव नकोसा झाला होता. पुढे लिहिताना तो एक उदाहरण देतो. गवताच्या दोन काड्या क्रुसाच्या आकारात आडव्या पडल्या आहेत आणि त्यांवर कोणाचा पाय पडला. त्या क्षणी त्याने ठरवले की आपल्या हातून पाप घडले, तर तो केवळ चुकीचा निर्णय आहे, त्याला खरा स्क्रूपल म्हणायचे नाही. परंतु नंतर त्याला वाटू लागले की पाप घडले, आणि त्याच वेळी वाटू लागले की घडले नाही, आणि या दोहोंमध्ये मन हेलकावत राहिले, तर तो खरा स्क्रूपल. नुसता अर्थ सांगणाऱ्या कोणत्याही कोशापेक्षा ही दोन काड्यांची कसोटी मला अधिक कामाची वाटते, कारण ती शब्दाची सीमा दाखवते. निष्कर्ष निघाला की स्क्रूपल संपतो. तो न निघण्यातच त्याचे अस्तित्व असते. आजचे मानसोपचारतज्ज्ञ ‘स्क्रूप्युलॉसिटी’ हा शब्द वापरतात तो याच स्थितीच्या टोकासाठी, जिथे धर्म किंवा नीतीविषयीच्या शंका माणसाला पुनःपुन्हा त्याच विचारांत आणि त्याच कृतींत अडकवून ठेवतात.

शब्द एकटा शिकू नये, त्याच्या शेजाऱ्यांसकट शिकावा, हे मला याच शब्दाने पटवले. अपराधीपणाची टोचणी सांगणाऱ्या ‘कंपंक्शन’च्या पोटात ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे हे लॅटिन क्रियापद आहे, आणि सिसेरोच्या वाक्यातला खडा टोचतो तो याच क्रियापदाने. ‘रिमोर्स’मध्ये, म्हणजे पश्चात्तापात, ‘मोर्देरे’ म्हणजे चावणे आहे. झालेली गोष्ट परत परत चावते. हा लॅटिन शब्द इंग्रजीत पुरता रुळण्यापूर्वी इंग्लंडातल्या केंटमधल्या एका संन्याशाने 1340 मध्ये त्याचा आपल्या बोलीत शब्दशः अनुवाद केला होता, ‘अयेनबाइट’, म्हणजे पुन्हा घेतलेला चावा. मराठी माणसाला यात समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही, कारण आपलेही मन खाते, सल टोचतो, शब्द बोचतो आणि शंका कुरतडते. पण या शेजाऱ्यांची कामे एक नाहीत. ‘रिमोर्स’ मोठे आहे आणि ते कृतीनंतर येते. ‘कंपंक्शन’ही बहुधा झालेल्या किंवा होत असलेल्या कृतीशी बांधलेले असते. ‘क्वाम’ म्हणजे पोटात अचानक ढवळून आल्यासारखी अस्वस्थता, जी आली तशी जातेही. ‘स्क्रूपल’ यांत सर्वांत लहान, सर्वांत बौद्धिक आणि सर्वांत आधी येणारा आहे, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

इथवर मूळ पुरते. आजची वाक्ये जमवू लागले तेव्हा मात्र मुळात न दिसलेल्या गोष्टी समोर आल्या. एक तर हा शब्द आता बहुतेक वेळा अनेकवचनात येतो, जणू माणसाच्या ठायी एक खडा पुरत नाही, मूठभर हवेत. दुसरे असे की तो नकाराच्या सोबतीने फिरतो. अमक्याला स्क्रूपल्स नाहीत, तमक्याने कोणताही स्क्रूपल न बाळगता हे केले, अशीच वाक्ये भेटत राहतात. ‘माझ्याकडे स्क्रूपल्स आहेत’ असे अभिमानाने कोणी सहसा म्हणत नाही. ‘क्वाम’ आणि ‘कंपंक्शन’ यांचीही तीच कथा आहे. इंग्रजीला या टोचण्यांची आठवण होते ती मुख्यतः त्या कोणाला होत नाहीत तेव्हा. तिसरी गोष्ट विशेषणांची. ‘अनस्क्रूप्युलस’ म्हणजे स्वार्थासाठी काहीही करायला मागेपुढे न पाहणारा. तर मग ‘स्क्रूप्युलस’ म्हणजे सदाचारी असला पाहिजे, असे व्याकरण सांगते. पण स्वच्छ स्वयंपाकघराला ‘स्क्रूप्युलसली क्लीन’ म्हणतात आणि बिनचूक हिशेबालाही हेच विशेषण लागते, तेव्हा अर्थ असतो अतिशय काटेकोर, कणभरही ढिलाई न करणारा. एकाच खड्यापासून निघालेली ही दोन विशेषणे एकमेकांसमोर उभी राहत नाहीत; एक चारित्र्याकडे गेले, दुसरे बारकाव्याकडे. नुसती व्युत्पत्ती पाठ असलेल्याला हे कधीच कळणार नाही. उलट, नुसता वापर पाहणाऱ्याला स्वयंपाकघराच्या लादीचा नीतीशी काय संबंध, हे कोडे सुटणार नाही. ते सोडवायला 20 ग्रेनचे वजन माहीत असावे लागते.

मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग मला कोशात नव्हे, रोजच्या बोलण्यात मिळाला. ‘त्याला कसलाही विधिनिषेध नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा आपणही तो शब्द नकारातच वापरतो. ‘तो विधिनिषेध बाळगतो’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी कानाला अपरिचित वाटते. चाड असते ती ‘नसण्या’पुरती, भीडभाड असते ती ‘न ठेवण्या’पुरती. दोन भाषांची मुळे इतकी वेगळी असूनही इथे त्यांचा स्वभाव एक निघावा, याचे मला मनापासून नवल वाटते. तरीही ‘विधिनिषेध’ आणि ‘स्क्रूपल’ यांची अदलाबदल मी सर्वत्र करणार नाही. विधिनिषेध शास्त्रातून येतो, बाहेरून सांगितलेला असतो, आणि त्याच्यामागे अख्खा ग्रंथ उभा असतो. स्क्रूपलमागे कोणी उभे नसते. नियम मोडत नसतानाही तो टोचतो, किंबहुना नियम ‘करायला हरकत नाही’ म्हणत असतानाच तो जास्त टोचतो.

मध्यंतरी एका सामूहिक अनुवादाच्या मुखपृष्ठावर माझे नाव घालण्याचा प्रस्ताव आला. काम मोठे होते आणि त्यातली माझी पाने थोडी होती. करारात नाव घालायला कोणताही अडथळा नव्हता आणि सहकाऱ्यांची इच्छाही मनापासूनची होती. पत्रव्यवहार इंग्रजीत चालला होता. ‘ऑब्जेक्शन’ लिहिले असते तर मी भांडते आहे असे झाले असते, आणि ‘प्रिन्सिपल’ लिहिले असते तर माझ्या चार पानांना ते फार जड झाले असते. मी लिहिले की याबाबत मला एक लहानसा स्क्रूपल आहे, एकवचनात आणि नकाराशिवाय. संपादकांनी उलट टपाली कळवले की हरकत असती तर त्यांनी मन वळवायचा प्रयत्न केला असता, पण याबाबत ते तसे करणार नाहीत. माझे नाव आतल्या पानावर, ऋणनिर्देशात छापले गेले.